जुनं झाड उभं असताना

ज्या मुलीमुळे मला ती मालिका आवडली, ती पोस्टरवर सगळ्यात मागे आहे. पुढे तलवार घेतलेला नायक, त्याच्या खांद्याशी त्याचा मित्र, वर आभाळभर पसरलेला राक्षस, आणि कोपऱ्यात, नीट पाहिलं तर, तिचा अर्धा चेहरा. जपानी ॲनिमे. शाप, भुतं, रक्त, सगळं भरपूर. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात निम्मी मुलं ती बघायची आणि जेवणाच्या सुट्टीत नायकाच्या कुठल्या वाराने कोण मेलं यावर तावातावाने भांडायची. मी त्या मुलीचा विषय काढला की कोणीतरी म्हणायचं, "अगं, ती साइड कॅरेक्टर आहे." जणू मी लग्नाच्या पंगतीत बसून फक्त कोशिंबिरीची तारीफ करत होते.

तिची गोष्ट थोडक्यात सांगते. डोंगराखाली एक गाव आहे. डोंगरात काहीतरी भयंकर आहे. ते खाली उतरू नये म्हणून गावाने ते या मुलीच्या अंगात कोंडून ठेवलंय. कपाळभर लाल खूण, मोकळे केस, पांढरा झगा. गाव तिच्या पाया पडतं, तिच्या दारात फळं ठेवून जातं, आणि तिच्याशी बोलत मात्र कोणीच नाही. मग नायक येतो, तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ती हसते. पुढे काही भागांनी तो राक्षस सुटतो आणि नायकावर उलटतो, तेव्हा ती त्याला परत आपल्या अंगात ओढून घेते आणि मरते. नायक किंचाळतो, त्याला नवी शक्ती मिळते, आणि पुढच्या भागात तो दुसऱ्याच गावात असतो. तिचं नाव पुन्हा कोणी काढत नाही. मला याचा भयंकर राग आला. रागाने जेवले नाही असं लिहायला आवडलं असतं, पण जेवले. फक्त आईवर चिडचिड करत जेवले.

एका चित्रातल्या मुलीसाठी इतका राग यायचं कारण आमच्याच घरात होतं. माझी आत्या.

आमचं घर रिह्याच्या खोऱ्यात, गावापासून जरा वर, वाडीवर. खाली भाताची खाचरं, बाजूला पुण्याच्या लोकांची फार्महाऊस, आणि टेकाडावर देवीचं देऊळ. आमच्याकडे जिच्या अंगात देवीचं वारं येतं तिला झाड म्हणतात. हलगी वाजते, ऊद घालतात, झाड घुमायला लागतं. लोक प्रश्न विचारतात, झाड कौल देतं. वारं उतरलं की झाडाने पदर खोचून भाकरी थापायला बसायचं. आत्या आमच्या घरातलं झाड होती, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून.

झाडाचे नियम सगळ्यांना पाठ. झाडाचं लग्न होत नाही. झाड वेशीबाहेर वस्तीला राहत नाही. जत्रेच्या दिवशी देवी येऊन जाईपर्यंत झाडाच्या तोंडात थेंबभर पाणी जात नाही. वारं अंगात असताना झाडाला कोणी हात लावायचा नाही, नाहीतर वारं आत अडकतं. आणि या सगळ्यातून सुटका दोनच प्रकारे होते. एक तर मरण. नाहीतर त्याच घरात दुसरं झाड निघालं पाहिजे. निघालं की जुन्याने आपल्या गळ्यातली कवड्यांची माळ काढून त्याच्या गळ्यात घालायची आणि मोकळं व्हायचं.

घराला याचा मान मोठा. पालखीला पहिला खांदा आमचा. जत्रेच्या दिवशी बाबांची टोपी अशी काही ताठ असायची की इस्त्रीवाल्याने त्यांच्या डोक्यासकट इस्त्री केल्यासारखी वाटावी. बोअरला पाणी लागेल का, सून नांदायला येईल का, घोटावड्याच्या कारखान्यात पोराला कायम करतील का, असलं सगळं लोक आत्याला विचारायचे. तिला काय हवंय हे विचारणारा माणूस मी तरी पाहिला नाही. मीही विचारलं नव्हतं, पण मी निदान तिच्या खोलीत जाऊन बसायचे.

मळणी उरकल्यावरच्या रिकाम्या दुपारी मी तिला मोबाईलवर ती मालिका दाखवली. ती पायावर गोधडी घेऊन शेंगा सोलत बसायची, मी बाजूला बसून तिला कोण काय बोलतंय ते सांगायचे. तलवारबाजी आली की ती शेंगांकडे बघायची. ती मुलगी आली की हात थांबायचे.

"ही कुनाची पोरगी?"

"कोणाची नाही. गावाची."

"मंग झालंच." थोड्या वेळाने म्हणाली, "तिला खायाला काय देत्यात?"

"फळं ठेवतात दारात."

"निस्ती फळं?" आत्याने मोबाईलकडे अशा नजरेने बघितलं की ते गाव समोर असतं तर त्याची धडगत नव्हती. "फळांवर मानूस जगतंय व्हय?"

ती मेली तो भाग मी घाबरत घाबरत दाखवला. मीच रडत होते. आत्याने नाक ओढलंसुद्धा नाही. म्हणाली, "सुटली बया," आणि मग, "त्यो पानी मागतो ना, तेवढं पुन्हा दाव." मी दाखवलं. तिने ते परत दाखवायला लावलं. पुढे कितीतरी दुपारी आम्ही फक्त तेवढंच बघितलं. तो येतो, पाणी मागतो, ती हसते.

त्यातल्याच एका दुपारी तिने मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं. शेंगा सोलता सोलता, भाजीला काय करायचं हे बोलावं तशा आवाजात म्हणाली, "मला बी काय आलं न्हवतं पयल्या दिशी."

मी मोबाईल खाली ठेवला.

"जत्रा हुती. सकाळधरनं उपास, वर ऊन. मला आली चक्कर. पडले. समदी भवती गोळा झाली. मी म्हनलं, मला भूक लागलीया. तर भगत म्हनला, देवी निवद मागतीया." ती हसली. हसताना तिचे खांदे हलले. "तुजा आजा माज्या पाया पडला. सोताचा बापच पाया पडला, मंग मी काय बोलनार?"

"म्हणजे इतकी वर्षं सगळं खोटं?"

"खोटं कसं म्हनू? हलगी वाजली की अंग आपसूक हालतंय. देवी असंल बी. म्या कुटं तिला बगितलंय?" आणि शेंगांचं सूप झटकून ती उठली.

त्या वर्षी तिची तब्येत बिघडली. चालताना भिंत धरायची, डोकं जड झालं म्हणायची. घोटावड्याच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि बाबांना झापलं. रोज गोळी, उपास बंद, ते घुमणं तर साफ बंद. बाबांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाले, "रोज घ्यायची म्हंजे जत्रंचा दिस सोडून." गोळी पोटात जाते, म्हणजे ते खाणंच झालं, म्हणजे उपास मोडतो. हा हिशोब वाडीत सगळ्यांना पटण्यासारखा होता.

"माज्यानं आता व्हत न्हाई," हे आत्याने पहिल्यांदा उघड म्हटलं, तेव्हा घरात कोणी तिच्याकडे बघितलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. घरात बिनलग्नाची मुलगी मी एकटी. चुलता म्हणाला, "दुसरं झाड निगालं तर हिची सुटका हाय." बाबा म्हणाले, "देवीच्या मनात असंल तसं." मी हसले. तेव्हा मला हसू आलं खरं.

आईला नाही आलं. तिने घाईघाईने स्थळं बघायला घेतली, कारण लग्न झालं की मी दुसऱ्या घराण्याची. मी त्याला वैतागून माणमध्ये खोली घेतली. ज्यांची शेतं आयटी पार्कात गेली ते आता खोल्या भाड्याने देतात, तसल्या एका काकूंकडे. बाबांना सांगितलं, ऑफिस जवळ पडतं. बाबा म्हणाले, "देवीला माण काय लांब हाय?" आणि तेही हसले. तो विनोद होता की नाही हे मला अजून कळलेलं नाही.

पुण्यात एका सभागृहात ॲनिमेवाल्यांचा मेळावा होता. आवडत्या पात्राचा वेश करून जायचं, फोटो काढायचे, एवढंच. शंभरएक नायक तलवारी घेऊन फिरत होते. मी ती डोंगराखालच्या गावातली मुलगी झाले होते. आईच्या जुन्या पांढऱ्या साडीचा झगा, केस मोकळे, आणि कपाळभर लाल खूण. ती खूण ऑफिसातल्या मैत्रिणीने अशा रंगाने काढली होती की घामाने जाणार नाही, पाण्याने जाणार नाही, तेल चोळावं लागेल. लोक माझ्यासोबत फोटो काढायला येत होते. एक मुलगी माझा हात धरून म्हणाली, "तिला मारायला नको होतं." मला इतकं बरं वाटलं. मालिकेतली ती मुलगी तिथे कोणाच्या तरी लक्षात होती.

त्याच दिवशी वाडीची जत्रा होती. मी मुद्दामच जाणार नव्हते. दुपारी आईचा फोन आला. "आत्यानं गोळी घेतली न्हाई. कालबी घेतली न्हाई. डोळं तांबडं झाल्यात. तू सांगितलंस तर ऐकंल ती." कपडे बदलायला रांग होती. मी तशीच स्कूटीवर बसले आणि पिरंगुटच्या रस्त्याने, घोटावड्यावरून घरी निघाले. पर्समध्ये गोळ्यांची नवी पट्टी होती, पिरंगुटला थांबून घेतलेली. मेडिकलवाल्याने माझं कपाळ बघून सुट्टे पैसे अगदी आदराने दिले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

देवळाच्या खाली गर्दीने रस्ता अडलेला. आत्या वर, सभामंडपात. मी स्कूटी लावली, हेल्मेट काढलं, केस खांद्यावर सुटले. देवळात जायचं म्हणून चपला काढल्या. चैत्रातली दुपार, फरशी तव्यासारखी तापलेली. पाय भाजत होते म्हणून मी ते उचलून उचलून टाकत होते, भरभर, एकामागून एक. हलगी वाजत होती. सकाळपासून चहाशिवाय पोटात काही नव्हतं. डोळ्यांपुढे जरा अंधारी आली आणि मी एका खांबाला धरलं.

कोणीतरी म्हातारी ओरडली, "आली! आली गं माय!"

गर्दी फाटली. हलगीवाल्यांनी ताल चढवला. माझ्या अंगावर भंडारा पडला, नाकात गेला, मी शिंकले, आणि बायकांनी हात जोडले. मळवट कोणी भरला नसताना आपोआप कपाळी उमटलाय, हे एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. घरातल्या सुनेने वापरलेली साडी आहे हे खुद्द सुनेला, म्हणजे माझ्या आईला, दिसत होतं. ती मंडपाच्या कडेला तोंडावर हात ठेवून उभी होती.

बाबा पुढे आले. टोपी काढली. मला वाटलं, रागावणार. ते वाकले आणि त्यांनी माझ्या भाजलेल्या पायांपुढे, हात न लावता, फरशीवर डोकं टेकलं.

"बाबा, उठा. मी आहे. हा रंग आहे."

"रंग हाय म्हनती," बाबा भगताकडे बघून म्हणाले, जणू मी परदेशी होते आणि ते माझे दुभाषे.

भगत म्हातारा झालेला, पण आवाज खणखणीत. "पयल्यांदा देवी सोताचं नाव सांगत न्हाई."

"अहो, पुण्याला कार्यक्रम होता. त्यासाठी केलंय. मला घरी जाऊ द्या."

"घरात ठान मागतीया," भगत म्हणाला. लोकांनी "व्हय, व्हय" केलं.

मग मी गप्प बसले, तर म्हणाले बघा, शांत झाली. आईला हाक मारली, तर म्हणाले देवी सगळ्यांनाच आई म्हणते. मला आत्याने सांगितलेली तिची ती पहिली जत्रा आठवली. मी काहीही बोलले तरी त्याचा अर्थ आधीच ठरलेला होता. चुलता ओरडला, "जुन्या झाडाला आना! माळ बदला!"

आत्याला दोन बायकांनी धरून आणलं. चेहरा सुजलेला, डोळे खरोखर लाल. गळ्यात कवड्यांची माळ. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ती इतकी जवळ आली की तिचा श्वास लागला, आणि पुटपुटली, "ही ती डोंगरातली पोरगी न्हवं?"

"व्हय आत्या," मी म्हणाले. मला रडूच फुटलं. "तीच."

"ब्येस झालीयास." तिने माझा झगा हाताने चाचपून बघितला. तिच्या चेहऱ्यावर हसू आलेलं मी बघितलं.

"घाल माळ," बाबा म्हणाले. "अक्का, घाल. सुटशील."

तिने माळेला हात घातला. मला खरं सांगायचंय, तेव्हा मला तिचा भरवसा वाटला नाही. मी तिच्या जागी असते तर घातली असती. इतक्या वर्षांची सुटका दोन बोटांवर होती. सगळं गाव साक्षीला होतं. तिला फक्त हात वर करायचा होता.

तिने माळ सोडून दिली. डोक्याचा अंबाडा ओढला, पांढरे केस मोकळे झाले, आणि ती घुमायला लागली. डॉक्टरांनी साफ बंद केलेलं ते घुमणं, मी आजवर बघितलं नव्हतं इतक्या जोरात.

"माजं झाड हुबं असताना दुसरं कुटलं?" तिचा आवाज मंडपात घुमला. "हिच्या अंगात कोन न्हाई! ही पोर हाय! हिला जाऊ द्या! पुन्यांदा ह्या घरातल्या पोरीला हात लावला तर बगा!" आणि तिने पदराने माझं कपाळ खसाखसा पुसलं. रंग गेला नाही, पण कातडी जळजळली. लोक मागे सरले. बाबा मागे सरले. भगत हात जोडून खाली बसला. मी इतका वेळ जे गयावया करून सांगत होते ते आता सगळ्यांना एका दमात पटलं.

वारं खरं होतं की नव्हतं, मला विचारू नका. मला एवढं माहीत आहे की ती माझ्याकडे बघत होती.

मग ती पडली.

पडली ती उजव्या अंगावर. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ यायला लागली. मी धावले, तर चुलत्याने माझं मनगट धरलं. "वारं उतरू दे. हात लावू नकोस." मी त्याला ओरडून सांगितलं, हा झटका आहे, दवाखान्यात न्या. मी आता देवी नव्हते, त्यामुळे माझं ऐकायचं कोणाला काही कारण नव्हतं. लोकांनी तिच्याभोवती कडं केलं आणि वाट बघत उभे राहिले. हलगी वाजतच होती, कारण वारं उतरायला हलगी लागते. भगत लिंबू कापत होता. एक माणूस पुढे सरकून गुडघ्यावर बसला आणि खाली पडलेल्या माझ्या आत्याला म्हणाला, "आई, पोराचं काम यंदा हुईल का?" तिच्या घशातून काहीतरी आवाज आला. तो उठून मागच्यांना म्हणाला, "व्हय म्हनली."

कडं मोडलं ते माझ्या आईने. बाबांसमोर कधी आवाज न चढवलेल्या बाईने दोन पुरुषांना ढकललं, जमिनीवर बसली आणि आत्याचं डोकं मांडीवर घेतलं. मग कोणाचा तरी पिकअप मिळाला. पिरंगुटच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ झाला पडून? लगेच का नाही आणलं?" बाबा म्हणाले, "वारं उतरायची वाट बगत हुतो." डॉक्टरांनी विचारलं, "रक्तदाबाची गोळी?" बाबा म्हणाले, "आज उपास हुता." डॉक्टरांनी ते तसंच कागदावर लिहून घेतलं.

आत्या वाचली, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वाडीत म्हणतात, माझ्यामुळे. देवीचं सोंग केलं म्हणून ती कोपली आणि तिने झाडावर राग काढला. नातेवाईक मला हे समजुतीच्या सुरात सांगतात, की होतं असं, तुला कुठं कल्पना होती. मी ही समजूत काढून घ्यायला तयार नाही. मी रंग लावला होता. गोळी मी बंद केली नव्हती. कडं मी केलं नव्हतं. ज्यांनी केलं ते सगळे त्या दिवशी प्रसाद घेऊन घरी गेले आणि नीट झोपले.

बाबांचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात, देवीचे उपकार मान, तिने तुला मोकळं केलं. मी एकदा त्यांना तोंडावर म्हणाले, "मला देवीने नाही सोडवलं. तुमच्या बहिणीने सोडवलं. तिला सुटायचं होतं आणि ती माझ्यासाठी अडकून राहिली." बाबा माझ्याकडे खरोखरच न समजून बघत राहिले. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

"एकच की गं त्या दोगी," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, वाचा गेली म्हणजे निदान आता कौल संपले. कसचं काय. देवी मौनात गेली, असं ठरलं. आत्याचा डावा हात हलतो. हात उठला तर होय, नाही उठला तर नाही. तिची खाट पुढच्या खोलीत आणली. उशाशी समई, पायाशी नारळ ठेवायला टोपली, दाराबाहेर चपला. मंगळवार आणि रविवार. पूर्वी तिला निदान शेंगा सोलायला मिळायच्या.

मी माणच्या काकूंना विचारून तळमजल्याची खोली मागून घेतली. पायऱ्या नाहीत, खिडकीत ऊन येतं, व्यायाम करून घेणारी बाई त्याच गल्लीत राहते. आई यायला तयार होती. बाबा म्हणाले, झाड वेशीबाहेर राहत नाही. मी एकदा गाडी आणून उभी केली, तर वाडीतली माणसं गाडीपुढे आडवी उभी राहिली. लहानपणी मला कडेवर घेऊन हिंडलेली माणसं. कोणी वाकडा शब्द बोललं नाही. नुसती उभी राहिली. शेवटी बाबांना मी म्हणाले, "तिलाच विचारू. ती हो म्हणाली तर?" बाबा विचार करून म्हणाले, "तिनं कौल दिला तर मी कोन अडवनार?"

तो रविवार होता. खोलीत गर्दी. मी खाटेच्या कडेला बसले, आत्याचा डावा हात हातात घेतला आणि तिच्या कानाशी म्हणाले, "आत्या, माझ्याकडे राहायला येतेस? माणला? आपण दोघीच. आईपण येईल." तिने डोळे माझ्याकडे वळवले. तिला कळलं होतं. मी तिचा हात सोडला आणि थांबले.

हात उठला. हळूहळू, थरथरत, पण इतका वर उठला की मी आजारपणानंतर कधी बघितला नव्हता. मी रडत बाबांकडे वळले.

दारात एक बाई धाय मोकलून पाया पडत होती. लेकीचं लग्न जमेल का, हे ती विचारत होती, म्हणे मघापासून. "दिला! आईनं कौल दिला!" लोकांनी तिच्या ओटीत नारळ घातला.

"बाबा, ती मला हो म्हणाली."

"त्या बाईनं तुज्याआदी इचारलं हुतं," बाबा म्हणाले. शांतपणे. त्यांना ते खरंच तसं दिसलं होतं.

"मग परत विचारते. तुमच्यासमोर."

"दिलेला कौल परत मागत न्हाईत. एकानं एका दिसात एकदाच इचारायचं."

मी आत्याकडे वळले. तिने डोळे मिटून घेतले होते. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे जात होतं, आणि एक बाई ते पदराच्या टोकाने टिपून आपल्या मुलाच्या कपाळाला लावत होती.

आता मी दर रविवारी जाते. दाराबाहेर चपला काढते आणि सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहते, कारण मधेच घुसलं तर लोक नाराज होतात. माझी पाळी आली की मी तिला तेच विचारते. कधी तिचा हात उठतो, कधी उठत नाही. उठला की बाबा म्हणतात, आशीर्वाद देतीया तुला, चल, आता मागच्याला पुडं यिऊ दे.